टोरंटो ते उमेळे, बावीस तास

४ नोव्हेंबर
शेजारच्या इग्नेशियसला आज एकदाची माती मिळाली! गेला गुरुवारी, पुरला सोमवारी. चार दिवस बिचारा बर्फाच्या पेटीत. का? तर मुलगा मेलबर्नहून यायचा होता. पोराने मूठभर माती टाकल्याशिवाय खड्डा बुजवायचा नाही, ही आमच्याकडची रीत. निम्म्या गावाची पोरं परदेशात — म्हणजे निम्मं गाव शेवटी बर्फात!

५ नोव्हेंबर
मोबाइलवर बघितलं. आमचा जॉयल टोरंटोला. तिथून मुंबई साडेबारा हजार किलोमीटर. मध्ये एकदा विमान बदलून बावीस तास. ठीक आहे. पण विमानतळ ते उमेळे, पन्नास किलोमीटरसुद्धा नाही — त्याला तीन तास! पोरगं वर्सोवा पुलावर अडकलेलं आणि मी इथे पेटीत गारठत पडलेला? हट्!

६ नोव्हेंबर
चर्चमध्ये जाऊन फादरच्या हातात कागदच दिला. ‘मी मेलो तर त्याच दिवशी मिस्सा, त्याच दिवशी माती. जॉयलसाठी थांबू नये. — फर्डिनंड.’
फादर म्हणाले, “सर, एवढी घाई?”
म्हटलं, पस्तीस वर्षं शाळेत वेळेवर गेलो, आता वरच्या शाळेत लेट मार्क कशाला?
घरी बायकोने, बेटीने झाडलं. “पोरावरचा राग आहे हा. मेल्यावर काढताय!”
आहेच राग. सहा वर्षांत फिरकला नाही गाढव. आठवण येते त्याची, म्हणून तर राग येतो.

१० नोव्हेंबर
जेवताना बेटीने जाहीर केलं, “तुमचं काय ते करा. माझ्यासाठी थांबायचं. जॉयलच्या हातची माती पडल्याशिवाय मी जायची नाही.”
म्हटलं, बाई, पंखा दोनवर केला तरी तुझे दात वाजतात. पेटीत काय करशील?
“गोधडी घाला की!”
इतके हसलो दोघं, की माझ्या नाकात आमटी गेली.

१७ नोव्हेंबर
जॉयलचा फोन. “पप्पा, पुढच्या वर्षी नक्की!” हे सहावं नक्की. बेटी मात्र लगेच त्याच्या खोलीचे पडदे धुवायला बसली. वेडी आहे.

२ डिसेंबर
बेटी गेली. सकाळी, चहा गाळता गाळता. गाळणं हातातच होतं.
फादर आले. हळूच म्हणाले, “सर, मग आज संध्याकाळी पाचला?”
नाही म्हटलं. जॉयल निघतोय. थांबायचं.
दुपारी पेटी आली. पेटीवाला म्हणाला, “काका, आत असलं काही घालत नाहीत.”
म्हटलं, तू गप रे. गोधडी घातली.