बेलवलीतलं पिंप

मंगळवार, रात्र

पिंप मीच ओतायला लावलं. नियमाने बरोबरच होतं. मग घरी आल्यापासून डोक्यातून का जात नाही?

बेलवलीच्या त्या चाळीत डेंग्यूचा रुग्ण सापडला, म्हणून आरोग्य विभागाची प्रमुख या नात्याने मी स्वतः पाहणीला गेले. एका घरात मोरीतल्या पिंपात डासांच्या अळ्या वळवळत होत्या आणि बाहेरच्या खोलीत तीन वर्षांचा नातू तापाने पडलेला. आजी पिंपाला धरून उभी.

"मावशी, आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी ठेवायची," डेंग्यूचं पत्रक तिच्या हातात देत मी म्हटलं.

"एकच? आमचे निम्मे दिवस कोरडेच जातात, मॅडम. ओतल्यावर पोराला काय पाजू, तुमचं पत्रक?"

माझी माणसं हसली. मी "ओता" म्हटलं. उद्या पाणी येणारच आहे, असंही तिला सांगून बसले. कशाच्या भरवशावर?

संध्याकाळी पाणीपुरवठ्याला फोन केला. लाइन फुटलीय, परवापर्यंत पाणी नाही. टँकरसाठी नगरसेवकांना विचारलं. "पाण्याचं बघू, मॅडम. आधी तुमची धुराची गाडी फिरवा. लोकांना काम दिसलं पाहिजे."

धुराने उडणारे डास थोडे मरतात, अळ्या नाही. हे मला कॉलेजपासून माहीत आहे. गाडी पाठवली. ती चाळीतून फिरली, लोकांनी दारात येऊन पाहिली, नगरसेवकांनी फोटो टाकला.

टँकरचं मी पुन्हा विचारलं नाही. ते पिंप अजून रिकामंच असणार.