चांडीचा आकडा

स्कोकी, ३ मार्च २०१९

चि. कोशीस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते. चांडीला जाऊन सात आठवडे झाले. दारातला बर्फ उपसताना खाली बसला तो बसलाच. चौतीस वर्षं मी हृदयाच्या वॉर्डात नर्स होते. नवऱ्याच्या छातीवर दाब देताना मनात फक्त आकडे मोजत होते.

काल विद्यापीठातून फोन आला. आपल्याकडून इथे अमेरिकेत आलेल्यांना हृदयविकार इतक्या लवकर का गाठतो, याच्या ज्या अभ्यासात चांडीने आणि तू नऊ वर्षांपूर्वी नावं घातलीत, त्याचा. रूमाना नावाच्या मुलीने दरवर्षीसारखं विचारलं, की यंदा चांडीसरांना दवाखान्यात ठेवावं लागलं का. मी म्हटलं, ठेवलं नाही, पुरलं. ती रडायलाच लागली. मग मीच तिची समजूत घातली. आता शेवटच्या दिवसाचे कागद मिळवायला त्यांना माझी सही हवी आहे. करू का?

तुझा रक्तदाब बायकोकडून, सूसनकडून कळव. तुझ्या तोंडचा मी धरत नाही.

तुझी थोरली बहीण, तुझी चेची, साराम्मा

फ्रीमाँट, ११ मार्च

ती. चेचीस शि. सा. न. वि. वि.

सही करू नकोस. नऊ वर्षं कमरेला टेप लावली, रक्त काढलं, मासे तळून खाता की कालवण करून ते विचारलं. माणूस वाचला का? जुनं उकरून काय मिळायचंय! कपाटंही आवरत बसू नकोस. मेमध्ये मी येतो, कागदपत्रं मीच बघतो. ईस्टरआधीचे नोंबूचे उपास आहेत म्हणून नुसत्या कंजीवर, पेजेवर राहू नकोस, असं सूसनने बजावलंय. तिने सांगितलेला माझा रक्तदाब: १३०.

माया आहे तशी राहू दे.

तुझा कोशी

स्कोकी, २४ मार्च

चि. कोशीस आशीर्वाद.

कपाट आवरलं. गाडीच्या विम्याच्या फाइलमध्ये अभ्यासवाल्यांचं पत्र सापडलं, सात वर्षांपूर्वीचं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चुना, म्हणजे कॅल्शियम, साठलाय, आकडा ३४०, शंभराच्या वर धोका, ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. घडी अगदी नीट घातलेली. दाखवलं असतं तर गोळ्यांची बाटली माझ्या हाताखालून गेली असती. गेली नाही.

रूमानाला फोन केला. ती म्हणाली, पत्र ज्याचं त्यालाच पाठवतात, घरच्यांना कळवायची मुभा नाही. मी आयुष्यभर परक्यांच्या बायकांना सांगत आले, की लक्षणं तुम्हाला आधी दिसायला हवी होती.

तुझीही तपासणी त्याच सुमारास झाली होती. तुझा आकडा किती? खरं लिही.

साराम्मा

फ्रीमाँट, २ एप्रिल

ती. चेचीस सा. न.

माझा २१०. पत्रं आम्हा दोघांना एकाच आठवड्यात आली. चांडी अच्चायननी फोन करून दाजीच्या हक्काने थट्टा केली, की शाळेत कधी नव्हे ते तुझ्यापेक्षा जास्त मार्क पडलेत. मग गंभीर होऊन म्हणाले, साराला कळलं तर घराचा वॉर्ड करील; लेकीचं, लीनाचं, लग्न पार पडू दे, मग मीच सांगतो. माझ्याकडून शब्द घेतला. लग्न झालं. मी दोनदा विचारलं. छान चाललंय, जिने चढतो, म्हणाले. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही.

मला सूसनने कॉलर धरून डॉक्टरांकडे नेलं. सात वर्षं रोज गोळी घेतोय. तिकडे अच्चायन काहीच घेत नव्हते, हे मला ठाऊक होतं. कपाट आवरू नकोस म्हटलं ते यासाठीच. दफनाच्या दिवशी तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवलंस, तेव्हाही बोललो नाही.

काय म्हणायचं ते म्हण.

कोशी

स्कोकी, २० एप्रिल

चि. कोशीस,

सही केली. विद्यापीठात स्वतः गेले. फॉर्मवर विचारलंय, आजाराची घरात कुणाला कल्पना होती का. मी लिहिलं, एकाला होती. नाव विचारलेलं नाही, मीही दिलं नाही. रूमानाला एवढंच म्हटलं, की असलं पत्र पाठवताना माणसाला विचारत जा, घरात आणखी कुणाला कळवू म्हणून. नियमात बसत नाही म्हणाली, पण वरच्यांना विचारणार आहे.

चांडीवर ओरडायला तो नाही. तू आहेस, पण ओरडावंसं वाटत नाही. मेमध्ये येऊ नकोस. उद्या ईस्टर आहे. लीना अप्पम करणार आहे, मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. ते मी सांगेन, तू नाही.

गोळी चुकवू नकोस. लोभ वाढावा असं शेवटी लिहायची रीत आहे. आहे तेवढा आहे. वाढायला वेळ लागेल.

साराम्मा