पळसाकडे पाठ करून

अहो,

तुमच्या हयातीत तुम्हाला कधी चिठ्ठी लिहिली नाही आणि आता लिहायला बसले आहे. उद्या सकाळी मुक्ता पुन्हा पळसाचं चित्र रंगवायला जाते म्हणते, आणि आज तिथे वाघ होता! लेकीला अडवू की जाऊ देऊ? हे तुमच्याशिवाय कोणाला विचारू?

तुम्ही गेल्यानंतरचा हा पहिला फाल्गुन. पळस असा फुललाय की घरात बसवत नाही. मुक्ता सुट्टी टाकून वरोऱ्याहून आली ती थेट माळ्यावर चढली आणि तुमचा चित्राचा स्टँड नि रंगांची पेटी खाली घेऊन आली. "आई, तू मागं उभी राह्यशीन ना, बाबाच्या राह्यत होतीस तशी?" मी हो म्हणाले. काय करणार? हट्ट तुमचाच उचललाय पोरीनं.

मोहर्लीच्या जंगलालगतच्या रिसॉर्टांच्या भिंतींवर वर्षभर वाघ रंगवून तुम्ही घर चालवलंत. स्वतःसाठी मात्र तलावाच्या पाळीवरचा, बांधावरचा पळसच. तुम्ही खाली बसून काढायचात, आणि बसलेला माणूस वाघाला जनावर वाटतो, म्हणून मी तुमच्या पाठीला पाठ करून, हातात काठी घेऊन उभी. तुमच्यासमोर पाणी, फुलं, कोवळं ऊन. माझ्यासमोर वाळलेलं गवत. किती फाल्गुन असे गेले हो! "ही मागं हाये म्हणून मले काही भेव नाई," असं दोस्तांना कौतुकानं सांगायचात. तिला भेव लागते का, हे एकदा तरी विचारायचं होतंत!

आज आधी चितळ इशाऱ्याचं ओरडलं, मग वानरं. गवत हललंसुद्धा नाही, तरी मला तो दिसला. बसलेला, आमच्याकडेच बघत.

"मुक्ता, ऊठ. पळू नोको."

"दोन मिनिटं थांब ना आई, रंग ओला हाये."

अगदी तुमचंच वाक्य! असा राग आला तुमचा! मान न वळवता मी ओरडले, "मले भेव लागून राह्यलं पोरी, ऊठ!"

ती उठली. पाठीला पाठ लावूनच आम्ही सरकत सरकत सडकेला लागलो. ती पुढचं बघत होती, मी मागचं. तो जागचा हलला नाही. दुपारी गावातली माणसं डबे वाजवत गेली आणि स्टँड घेऊन आली.

घरी तिनं मला पाणी दिलं.

"बाबाच्या वेळेस बी भेव लागे तुले?"

"दरवेळेस."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

काय सांगू तिला? मी तुम्हाला "वानर ओरडून राह्यलं" एवढंच म्हणायची. तुम्ही म्हणायचात, "ओरडू दे." भेव लागते म्हटलं तर तुमचा ब्रश थांबेल, आणि फुलं तर चार दिवसांचीच, असं वाटायचं. आणि शेवटी वाघानं नाही, काविळीनं नेलं तुम्हाला. इतकी राखण केली, ती कुठे गेली हो?

फॉरेस्टवाले पाळीकडे जाऊ नका म्हणून सांगून गेलेत. मुक्ता म्हणते, सडकेकडचा पळस काढीन, उभ्यानं काढीन, पण काढीन. मी तिला अडवायचंच ठरवलं होतं. तुमच्यामागे ही एकुलती लेकच आहे मला. पण आज नुसतं ऊठ म्हटलं तेव्हा ती उठली नाही. मला भेव लागते म्हटलं तशी उठली. म्हणून जाऊ देते.

वचन देते तुम्हाला, मी तिच्या मागे उभी राहीन. आणि भीती वाटली की आता गिळून टाकणार नाही, मोठ्यानं सांगेन. ती उठेल. मी तसं म्हटलं असतं, तर तुम्ही उठला असतात का हो?

तुमचीच,
सुमन