चिऱ्याची कुंडी

मुळगाव,
मंगळवार

प्रिय वैनी,

पत्र बघून घाबरशील, म्हणून आधीच लिहिते, घरी सगळी बरी आहेत. फोनवर मला बोलायला येत नाही हे तुला ठाऊकच, आणि फोन असतो आईच्या पाटाजवळ. हे पत्र दादाच्या हाती देणार नाही, डिचोलीला जाऊन पोस्टात टाकणार. चुका असतील त्या नववीत शाळा सोडलेल्या पोरीच्या समज. मराठी माझं बरं होतं, पण पाचवीपासून सगळं इंग्लिशमध्ये झालं आणि उभं राहून वाचायला सांगितलं की मी पुस्तक मिटून खाली बसायचे. तू म्हणायचीस ना, मुके, तुझं तोंड उघडायला कोयता लागेल गो.

तू माहेरी हरमलला गेलीस त्याला तीन महिने होऊन गेले. चवथीलाही नव्हतीस, गणपतीवरची फळांची माटोळी मी एकटीनं बांधली, वाकडी झाली. तुझ्या आईनं दादाला सांगितलं, ते खुजं झाड त्या घरात आहे तोवर पोरीला पाठवणार नाही. तिच्या कानावर हे आमच्या शेजारच्या यशोदा काकीनंच घातलं असणार. काकी टीव्हीवर बघते, तिथं कोणीतरी सांगतो, घरात बोन्साय ठेवलं की घराची वाढ खुंटते. लग्नाला चार वर्षं झाल्यावर तुला दिवस राहिले आणि पोटातलं गेलं, तर काकीला लगेच पडवीतला माझा वड दिसला. मग आईलाही दिसला. रोज सकाळी मी पानांवरची खाणीची तांबडी धूळ फडक्यानं पुसते, तेव्हा आई चुलीकडून म्हणते, "पूस, पूस. तें झाड घरांतल्यान भायर काड, नायतर हें घर वाढचें ना." दादा ऐकतो आणि चहा अर्धा ठेवून ट्रकवर जातो.

तो वड तुझ्या लग्नाच्या वर्षी गोठ्याच्या भिंतीत उगवला होता, आठवतं? बोटाएवढा. दादा उपटून टाकणार होता, तू म्हणालीस, राहू द्या, सेजल पोसेल. चिरेखाणीवरून जांभ्या दगडाचा अख्खा मोठा चिरा आणून दादानंच तो पोखरून कुंडी करून दिली. तेव्हा तिच्या वजनाचं आम्हाला कौतुक वाटलं होतं, वाऱ्यानं पडणार नाही म्हणून.

डिचोलीच्या नर्सरीवाल्या गोकुळदास काकांनी सांगितलं, पणजीला बोन्सायवाल्यांचा मोठा मेळा आहे, तीन दिवस, देशभरची माणसं येणार, जपानचाही एक. म्हणाले, तुझा वड घालू तिथं. कोणाला आवडला तर देऊन टाक, फेकण्यापेक्षा बरं. आई लगेच कबूल झाली. झाड जाणार म्हणून तिनं मला पाव आणि बटाट्याची भाजी बांधून दिली, डब्यात लोणचंही घातलं. कुंडी टेम्पोत चढवली दादानं आणि टेम्पोवाल्यानं. दादाची पाठ दुखली.

असला हॉल मी पाहिला नव्हता. पाचसहाशे झाडं असतील, काळ्या कापडावर मांडलेली, आणि एकाही पानावर धूळ नाही. मला पहिलं तेच दिसलं. जपानी माणसानं सगळ्यांसमोर एका झाडाची जाड फांदी करवतीनं उडवली तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी भिंतीला टेकून उभी. मग पांढऱ्या केसांचे एक परीक्षक माझ्या मेजाशी आले. वाकून मुळं बघितली, बराच वेळ. म्हणाले, झाड मन लावून पोसलंय, पण कुंडी त्याला जड झालीय. आणि सहज विचारलं, "ही एकटी उचलतेस?" वैनी, मी खाली बघत राहिले. गोकुळदास काका म्हणाले, लाजते ती, बोलत नाही कोणाशी. बरं झालं, त्यांना वाटलं मी लाजले.

पण मी बोलले. तुला खरं वाटणार नाही. मी घरून वही नेली होती. झाडं पोसणाऱ्यांना मुलं किती ते विचारायचं आणि आईला लिहून दाखवायचं, असं ठरवूनच गेले होते. पहिल्या बाईपुढं मी इतका वेळ उभी राहिले की तिनं मला प्यायला पाणी दिलं. विचारलं तेव्हा ती हसली, म्हणाली, दोन मुलगे, दोघेही झाडांना पाणी घालत नाहीत. मग कसं कोण जाणे, पाय पुढं पुढं गेले. कोल्हापूरचे एक आजोबा, त्यांची चिंच चाळीस वर्षांची, म्हणाले, "तीन पोरं, सात नातवंडं, सगळी ही चिंच कधी मोडता येईल याच्यावर टपलेली." एकीनं विचारलं, लग्नं जमवतेस काय गं? बंगळूरच्या माणसाला माझं बोलणं कळलं नाही तर त्यानं खिशातून फोटोच काढला, तीन मुली. तिथल्या कामाच्या मुलीला वाटलं मी आयोजकांकडची, तिनं माझ्या गळ्यात बिल्ला घातला. दोन दिवसांत बेचाळीस जणांना विचारलं. अडतीस जणांना मुलं. तिघांचं लग्नच झालेलं नाही.

राहिली एक. म्हापशाची, सत्तर वर्षांची, उंबर घेऊन आली होती. म्हणाली, नाहीत. दोनदा राहिलं, दोनदा गेलं. मी वहीत लिहायला लागले तर म्हणाली, "तेव्हा आमच्याकडे झाड नव्हतं गो. तेव्हा विहिरीला दोष दिला. सासूनं विहीर बुजवून घेतली. मग पाणी लांबून आणायचं, तेही मीच आणायचं." हे तिनं अगदी साधं सांगितलं, कालची भाजी काय होती ते सांगावं तसं. मग विचारलं, कोणासाठी विचारतेस? मी म्हटलं, वैनीसाठी. ती म्हणाली, "मग तू का रडतेस?" मला वाटलं होतं मी रडत नाहीये.

तिसऱ्या दिवशी बेळगावचं एक जोडपं वड घ्यायला तयार झालं. चांगली माणसं होती, नवरा-बायको दोघं मिळून पानं न्याहाळत होती. काका म्हणाले, दे. मी नाही म्हटलं. काका चिडले. टेम्पोतून वड परत आलेला बघून आईनं कपाळावर हात मारला आणि यशोदा काकी कुंपणापाशी येऊन म्हणाली, "आलां मगो परत." मी झाड तिथं ठेवून आले असते ना वैनी, तर सगळा दोष त्याच्याबरोबर बेळगावला गेला असता. तू परत आली असतीस, आई खूश झाली असती, आणि खरं काय ते तुला आणि मलाच ठाऊक राहिलं असतं.

आता त्या बुधवारचं सांगते. दादा ट्रकवर, आई बाजारात. पावसानं कुंडी तुडुंब भरली होती, मुळं कुजतील म्हणून ती मला पडवीत घ्यायची होती. तुला दिवस राहिलेत हे तेव्हा घरात फक्त मला माहीत होतं, तूच सांगितलं होतंस, आणि तरी मी हाक मारली, वैनी, एक बाजू धर. तू तांदूळ धूत होतीस. हात पदराला पुसत आलीस आणि धरलीस. ठेवल्यावर खांबाला टेकून उभी राहिलीस. संध्याकाळी तुला हॉस्पिटलात नेलं, तिथं दादानं विचारलं, काही जड उचललंस काय? तू माझ्याकडे बघितलंस आणि नाही म्हणालीस. मग आई झाडाला बोलायला लागली आणि मी ते बोलू दिलं. खरं सांगू, पणजीला मला पोरं नसलेली माणसंच हवी होती. कोणी दोन म्हटलं, तीन म्हटलं, की वहीत ते लिहिताना माझा हात जड व्हायचा. झाडाचा दोष नसेल तर मग माझाच. काल सकाळी मी आईला आणि दादाला सगळं सांगितलं. दादा भायर गेला, दुपारी आला तो प्लास्टिकचा हलका ट्रे घेऊन. वड आता त्यात आहे, एका हातानं उचलते मी. चिऱ्याच्या कुंडीतलं पाणी कोंबड्या पितात. आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तुझ्या वेळार हांवें सातव्या म्हयन्यांत भाताचीं पोतीं उखलिल्लीं." मी पोटात असताना तिनं पोती उचलली होती, एवढंच. ती मला सोडवत होती की रागावली होती, मला अजून कळलेलं नाही. रविवारी आई आणि दादा हरमलला येणार आहेत, तुझ्या आईशी बोलायला. त्यांच्या तोंडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐकावंस म्हणून लिहिलं. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस, माझं तोंड बघायचं नसेल तरी चालेल. पण त्या दिवशी तू माझ्यासाठी नाही म्हणालीस. आता कोणी विचारलं तर होय म्हण.

तुझीच मुकी,
सेजल