काळ्या घुमेची मूळ फीत

मी, इंद्रभान ग्यानबा पट्टेबहादूर, वय एकोणपन्नास, धर्म बौद्ध, धंदा लाऊडस्पीकर भाड्याने देणे व रेडिओदुरुस्ती, राहणार मेडशी, जिल्हा अकोला, शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत, आज सकाळची वंदना आटोपून, शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही भिडेस न पडता हा कागद माझ्याच हाताने लिहीत आहे. अकोल्याच्या डॉक्टरांनी माझं हृदय वाढलं आहे असं सांगितलं. किती दिवस, ते सांगितलं नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. मेडशीतलं दोन खोल्यांचं घर माझी पत्नी भागिरथा हिचं, आणि तिच्यामागे मुलगी लिलाबाई हिचं. माझा भाऊ शेषराव यानं मधल्या भिंतीवरून अकरा वर्षं अबोला धरला आहे. भिंत हातभर त्याच्या जागेत आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. ती त्यानं घ्यावी. पण आधी अंगणात येऊन भागिरथेला वहिनी म्हणून हाक मारावी.

२. दोन्ही कर्णे, अ‍ॅम्प्लिफायर आणि माईक गावच्या विहाराला द्यावेत. बॅटरीवर चालणारी टेपरेकॉर्डरची पेटी लिलाबाईला. माझ्या अंत्ययात्रेत कर्णा लावू नये. वंदना तोंडानं म्हणावी, जितकी ऐकू जाईल तितकी जाईल.

३. लोक ज्या आवाजाला काळी घूम म्हणतात त्याचं मूळ इथं सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचं कलम कळणार नाही. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात आमचा रांजण कोरडा पडला होता. काम करता करता मी चालू माईक त्यात ठेवला. माईक कर्ण्यासमोर आला की शिट्टी मारतो, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक. पण रांजणात शिरून ती शिट्टी जाड झाली, खाली उतरली आणि तिथंच घुमत राहिली. तोंडावर ओलं फडकं टाकलं की आणखी उतरे, काढलं की चढे. त्यात गाणं नव्हतं, ताल नव्हता, शब्द नव्हता. विहारात डोळे मिटून बसल्यावर जे मला कधी साधलं नाही ते त्या आवाजात साधतं असं वाटलं. भागिरथेला तसं वाटलं नाही.

“हे कायले लावून राह्यले? घरात कोणी मेल्यावानी वाटते. वावरात न्या तुमचं हे भूत!”

मी रांजण, कर्णा, बॅटरी आणि पेटी बैलगाडीत घालून वावरात नेली आणि तिथं घूम फितीवर भरू लागलो.

४. ता. १९ मे १९७३. शेजारच्या वावरात विहिरीचं काम चालू होतं. खडक लागला की सुरुंग लावतात. बत्ती देणाऱ्यानं तीनदा ओरडायचं, माणसं बांधापलीकडे गेली की वात पेटवायची, अशी रीत आहे. बबनराव मिस्त्रीनं तीनदा हाक दिली. त्याची चूक नाही. तांड्यावरचा मजूर खेमा राठोड पाणी आणायला गेला होता आणि परत येत होता. मुरमाच्या ढिगाआड तो बबनरावला दिसला नाही. माझा कर्णा घुमत होता. खेमाला कोणीतरी ओरडतं आहे एवढंच कळलं असावं. नीट ऐकू यावं म्हणून तो विहिरीच्या जवळ गेला.

मी डोळे मिटून बसलो होतो. बार झाल्यावर उघडले.

पंचनाम्यात लिहिलं की मजूर दारू प्यालेला होता आणि हाका ऐकूनही आला. लिहितावाचता म्हणून पंचांत माझी सही घेतली. खेमाच्या तोंडाला वास होता की नाही हे मी पाहिलं नव्हतं. सगळे म्हणत होते, मी सही केली. दहा दिवसांनी त्या दिवशीची फीत लावली. घुमेच्या खाली तीन हाका आहेत. मग खेमाचा स्वच्छ आवाज आहे. “आयकू येऊन नाही राह्यलं! काय म्हणता?” थोड्या वेळानं पुन्हा, जवळून, “काय म्हणता?” मग बार.

पिणाऱ्याचा आवाज तसा नसतो. हे मला तेव्हाच कळलं. रोज सकाळी चौथं शील म्हणतो, खोटं बोलणार नाही. पाच वर्षं त्या ओळीशी माझा आवाज बसतो.

५. फितीचं मी तेव्हाच सांगायला हवं होतं. उलट तिची नक्कल उतरवून दिली. किन्हीराजाचा जगदेव नाटकांना आवाज पुरवतो, त्यानं मागितली. ऐकून तो म्हणाला, “दादा, हा मंधात कोण बोलून राह्यला?”

मी म्हटलं, “रेडिओचं स्टेशन घुसलं.”

“लय जबर जागा हाय. लोकाइच्या अंगावर काटा येते.”

तो ती जागा खुनाच्या प्रवेशात वाजवतो, आणि घूम आपणच काढली असं पडद्यावर लिहितो. ते त्यानं खुशाल लिहावं. त्याच्याकडून वाशीमच्या दोघांनी नेली, ते फीत उलटी फिरवून लावतात. शेलूबाजारच्या गुलाबसिंगानं तिच्याखाली जीपच्या इंजिनाचा ठोका आणि ढोल भरला. त्यावर वरातीत पोरं नाचतात. मूळ घूम स्थिर होती, आता तिला इतकी रूपं फुटली आहेत की मलाही ओळखू येत नाहीत. पण सगळ्यांच्या पोटात खेमा आहे.

यंदा तांड्यावरच्या लग्नात गुलाबसिंगानं कर्णा लावला. दुसऱ्या दिवशी खेमाची बायको धनीबाई माझ्या दारात आली.

“इंद्रभानभाऊ, तुमच्या घुमेत माह्या माणसाचा आवाज काहून हाय?”

मी म्हटलं, “बाई, तुले भास झाला.”

ती निघून गेली. त्या दिवसापासून छातीत दुखतं, असं मी डॉक्टरांना सांगितलं नाही.

६. म्हणून लिहून देतो की खेमा राठोड दारू प्यालेला नव्हता. पंचनाम्यावरची माझी सही खोटी आहे. मूळ फीत माझ्यामागे धनीबाईला द्यावी आणि हे कलम तांड्यावर मोठ्यानं वाचावं.

७. हे कलम तांड्यावर, नाईक हेमला राठोड यांच्या ओट्यावर बसून लिहीत आहे. वरचं सगळं लिहून झाल्यावर मी पुन्हा वाचलं, आणि ‘माझ्यामागे’ या शब्दाशी अडलो. त्यावर रेघ मारून फीत आणि पेटी घेऊन आज इथं आलो. कागद सगळ्यांसमोर वाचला.

धनीबाई म्हणाली, “पाच वर्षं लोक माह्या पोरीले दारूड्याची पोर म्हनून राह्यले. आमी तुमच्या मरनाची वाट पाह्याची होती का?”

तिनं फीत लावायला सांगितली. संपल्यावर पुन्हा लावायला सांगितली. मी विचारलं, जाळून टाकू का?

“जाळू नका. तो इचारून राह्यला ना, काय म्हनता. त्याले कोनी सांगतलंच नाही अजून.”

तिसऱ्यांदा लावली. खेमाचा आवाज येताच ती पेटीला तोंड लावून तिच्या बोलीत ओरडली, पळ, पळ. मग बार झाला. सुटलेलं टोक फडफडत चाक फिरत राहिलं.

फीत आजच धनीबाईच्या हाती दिली. नुसती फीत तिच्या काय कामाची, म्हणून पेटीही दिली. लिलाबाईनं हरकत घेऊ नये. उद्या वाशीमला जाऊन पंचनाम्याबाबत हाच जबाब देणार आहे. पोचलो नाही तर हा कागद माझा जबाब समजावा.

लिहिणाराची सही : इंद्रभान ग्यानबा पट्टेबहादूर

साक्षीदार :
हेमला राठोड, नाईक (सही)
धनीबाई खेमा राठोड (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण : मेडशीजवळचा तांडा
तारीख : ९ नोव्हेंबर १९७८