कच्च्या पेशींची बातमी

थोरलीच्या आईस,
आशीर्वाद. आधी एवढंच वाच: आपली थोरली बरी होते आहे. आता खाली बसून पुढचं वाच.

इथल्या डॉक्टरबाईंनी चित्र काढून समजावलं. लाल रक्त हाडातल्या मगजात तयार होतं. पेशी आधी मोठी असते, मग लहान होत जाते, लाल होते, शेवटी पोटातलं केंद्रक टाकून देते आणि रक्तात उतरते. आपल्या पोरीच्या पेशी एका जीवनसत्त्वावाचून मोठ्याच राहून आतल्या आत मरत होत्या. त्याचीच इंजेक्शनं चालू आहेत.

आज बाई म्हणाल्या, "रक्तात कच्च्या लाल पेशी भरपूर दिसल्या." कच्च्या म्हणजे वाईटच, असं धरून मी बाकावर बसून डोळे पुसायला लागलो.

"आजोबा, रडताय कशाला? केंद्रक टाकून नुकत्याच बाहेर पडल्यात त्या. एक-दोन दिवसांत पिकतील. मगज कामाला लागला!"

मी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. शेवटी थोरलीच खेकसली, "बाबा, पुरे! त्यांना दुसरे पेशंट आहेत की नाहीत?"

इंजेक्शनं पुढेही घ्यावी लागतील. त्याची काळजी तू करू नकोस, मी करतोच आहे. तुझा गुडघा कसा आहे? एकटी असलीस तरी नीट जेवतेस ना?

इतके दिवस हाक मारली तरी ती नुसती मान हलवायची. आज माझ्यावर खेकसली. फार बरं वाटलं गं.

तुझ्या पत्राची वाट बघणारा,
थोरलीचा बाबा