आबांसाठी मोठा पडदा

शनिवार, २३ ऑगस्ट २०२५. सकाळी साडेसहा

पूजा झाली. निर्णय झाला. घरी प्रोजेक्टर घ्यायचा.

कारणं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मन डळमळायला नको. आबांना टीव्ही लहान पडतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने बत्तीस इंचांत काय बघायचं? मार्चमध्ये वाशीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे. समोरचं दिसणार नाही, कडेकडेचं दिसत राहील. गेलेलं परत येत नाही. डॉक्टर तरुण आहेत. चित्रच मोठं केलं तर काय होतं, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तेव्हा सुचलं नव्हतं.

काल जेवताना आबा म्हणाले, गणपती झाले की मला गावी सोड. मी भात कालवत राहिलो. आई गेल्यावर, महाशिवरात्रीनंतर त्यांना इथे कोपरखैरण्याला आणलं. सहा महिन्यांत माणूस रमत नाही. करमणूक असती तर रमले असते. आबांना कुस्तीचा नाद. जन्मभर गावच्या सुतारकीतून वेळ काढून आसपासचा एक फड त्यांनी सोडला नाही. शंभर इंची पडद्यावर कुस्ती दिसली की गावाचं नाव काढणार नाहीत.

मी अठराव्या वर्षी घर सोडलं. आता सेवा करायची वेळ आहे.

रविवार, २४ ऑगस्ट. संध्याकाळ

आणला. दुकानदार म्हणाला, पांढरी भिंत असेल तर वेगळा पडदा लागत नाही. पण वडिलांच्या बाबतीत काटकसर करायची नाही असं ठरवलं होतं. पडदाही घेतला. हॉलच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, आईचा फोटो तात्पुरता बेडरूममध्ये नेला.

राजेश्वरीने विचारलं, आबांना विचारलंत का? मी म्हटलं, सरप्राइज आहे. ती म्हणाली, मग बरोबर, त्यांना दिसणारच नाही.

बायकोचा स्वभाव. मनात राग नसतो.

सोमवार, २५ ऑगस्ट

चित्र वाकडं. वरून रुंद, खालून अरुंद, उजवीकडे घसरलेलं. पुस्तिकेत ‘कीस्टोन’ नावाचं बटण आहे. कामावरून आल्यावर दोन तास दाबलं. चित्राचे चारही कोपरे चार दिशांना गेले.

आबा उठून प्रोजेक्टरच्या स्टुलापाशी आले. वर तळहात ठेवला. मग खाली बसून एकेक पाय चाचपला. म्हणाले, मागचा डावा पाय दोन सूत कमी हाय. पुठ्ठ्याची घडी मागितली, पायाखाली सारली. चित्र सरळ.

याचा अर्थ काय? नजर सुधारतेय. एकाच दिवसात. राजेश्वरीला तसं सांगितलं. तिने उरलेला पुठ्ठा उचलून ठेवला. पटलं असावं.

रविवार, ३१ ऑगस्ट. दुपार

दिवसा चित्र फिकं दिसतं. उजेड फार. खिडकीला दोन चादरी, त्यावर आबांचं घोंगडं. दाराच्या फटीत टॉवेल. आता उत्तम अंधार होतो, फक्त हवा येत नाही. आबा घामाने भिजले. विचारलं तर म्हणाले, चांगलं हाय. आबा तक्रार करत नाहीत. आईही करायची नाही. दुखतंय हे तिने शेवटच्या पंधरवड्यात सांगितलं.

संकल्प : रोज संध्याकाळी दिवा लावून जप झाला की एक तास कुस्ती. नियमाने.

सोमवार, १ सप्टेंबर

कामावरून यायला उशीर. स्टोअरमध्ये माल उतरत होता. नियम उद्यापासून.

रविवार, ७ सप्टेंबर

नियम चालू आहे. एक अडचण लक्षात आली. आबा पडद्याकडे बघत नाहीत, पडद्याच्या डावीकडे बघतात. मान ताठ, डोळे देवघराच्या कोपऱ्याकडे. म्हणजे पडद्याची जागा चुकली. मोजमाप मीच घेतलं होतं, चूक कबूल. देवघर उजवीकडे घेतलं, देवांची क्षमा मागितली, पडदा दोन फूट डावीकडे सरकवला. भिंतीला सहा भोकं.

पितृपक्ष लागला. आबांनी गावचा विषय काढला. मी म्हटलं, पंधरवड्यात प्रवास नको. त्यांनी मान हलवली.

मंगळवार, ९ सप्टेंबर

पडदा डावीकडे नेला तर आबा अजून डावीकडे बघायला लागले. आता फ्रिजकडे बघतात. फ्रिज हलवावा लागेल.

राजेश्वरी म्हणाली, आज फ्रिज, उद्या शेजाऱ्यांची भिंत. आमची उत्कर्षा कॉलेजातून आली होती. तिने मोबाइलवर काहीतरी वाचून दाखवलं. असे डाग असले की माणसं मुद्दाम बाजूला बघतात, म्हणजे कडेच्या नजरेत थोडंफार पकडता येतं. पोरगी हुशार आहे, पण मोबाइलवर सगळ्यांचेच डोळे गेलेले असतात.

फ्रिज हलवला.

रविवार, १४ सप्टेंबर. संध्याकाळी सात

आज समाधानाचा दिवस. तपशील लिहितो.

मोबाइलवर जुनी कुस्ती लावली, आवाज मोठ्या स्पीकरवर. मी चहा ठेवायला आत गेलो. आबा हॉलमधून सांगत होते, आता पट काढला, आता पोराने मान सोडवली, आता बसला खाली. निवेदकाच्या अर्धा क्षण मागे, पण अगदी बरोबर. मांडीवर थाप. इतक्या महिन्यांत हा आवाज ऐकला नव्हता.

चहा घेऊन बाहेर आलो. आबा म्हणाले, “आज चित्र झकास लागलंय, नामा.”

पडदा निळा होता. नुसता निळा. मोबाइलपासून प्रोजेक्टरला जाणारी वायर सुटून खाली लोंबत होती.

वायर कधी सुटली कोण जाणे. बहुधा मी बाहेर आलो त्याच क्षणी. तसंच झालं असणार.

गुपचूप जोडली. आबांनी चहा घेतला. राजेश्वरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

सोमवार, २२ सप्टेंबर

घट बसले. आबांनी विचारलं, पंधरवडा संपला ना? मी म्हटलं, घरात घट असताना वडीलधाऱ्याने घर सोडू नये. हे शास्त्र आहे की मी केलं, आता आठवत नाही. ते म्हणाले, बरं. मग दसऱ्यानंतर.

गावाहून मुक्ता आत्याचा फोन. आबांची धाकटी बहीण. तिची मुलं पुण्याला, ती एकटी आमच्या शेजारच्या घरात. म्हणाली, दादाचं घर झाडून घेतलंय, कधी आणतोस? मी म्हटलं, इथे त्यांचं छान चाललंय, मोठा पडदा घेतलाय. ती म्हणाली, “पडद्यात त्यास्नी हाक मारणारं कोन हाय का?”

खेड्यातल्या माणसांना टेक्नॉलॉजी समजावणं अवघड.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

सावकाश लिहितो.

सकाळी यंत्रांची पूजा. मिक्सर, शिलाई मशीन, माझी स्कूटर, उत्कर्षाचा लॅपटॉप, प्रोजेक्टर. चौरंगावर आबांचा वाकस, पटाशी, रंधा. ही हत्यारं ते गावाहून पिशवीत घालून घेऊन आले होते. दर दसऱ्याला आबाच हळदकुंकू लावतात, मी लहान होतो तेव्हापासून. हत्यारांना लावलं. एकेक उचलून, पातं चुकवून, मुठीवर बरोबर बोट. मग म्हणाले, तुझं सिनेमाचं यंत्र कुठंय? मी त्यांचा हात धरून प्रोजेक्टरवर ठेवला आणि सोडला. हात सोडायला नको होता. पण सोडला, कारण त्यांना दिसतं असं मी सगळ्यांना सांगितलं होतं.

ओलं हळदकुंकू अंगठ्यावर. अंगठा वरून फिरला, कडेवरून खाली आला, गोल जागा लागली. आबांना वाटलं, हीच कपाळाची जागा. दाबून लावलं. भिंगाच्या काचेवर. वरून अक्षता.

आबांनी नमस्कार केला.

मी म्हटलं, शुभ झालं. पुसायचं मनात होतं, पण पूजेचं कुंकू लगेच पुसवेना. वाटलं, क्षणभर लावून बघू, देवाचा हात लागलाय.

लावलं. आखाडा आला. चारी बाजूंनी चित्र स्वच्छ. फेटे, झाडावर चढलेली पोरं, हलगीवाला. आणि मधोमध लालसर काळा धूसर डाग. जिथे दोन मल्ल असतात, तिथे. माणसं ओरडत होती, टोप्या उडत होत्या. ज्यांच्यासाठी उडत होत्या ते दोघे नव्हते.

उत्कर्षा हळू म्हणाली, “पप्पा, आबांना असं दिसतं. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं होतं. तुम्ही तो कागद घडी करून खिशात ठेवलात.”

मी खाली बसलो. सबंध कुस्ती बघितली. अकरा मिनिटं. मान जरा डावीकडे वळवून बघितली तरी डाग तिथेच. माझा डाग पडद्यावर होता, वळून उपयोग नव्हता.

आबांनी विचारलं, “कुंकू नीट लागलं न्हाई का?”

लागलं, असं म्हणालो.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

कामावर गेलो नाही. काच मऊ कापडाने पुसली. पुसली जाते.

दुपारी आबांना विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा काही सरळ विचारलं असेल. दिसतं का? त्यांनी घोंगडं गुडघ्यावर ओढलं. म्हणाले, “दिसत न्हाई. तुझ्या तोंडाच्या जागी बी नुसता डाग हाय. कान दिसत्यात.”

मग इतके दिवस का नाही सांगितलं?

“तू एवढा जीव टाकून लावतुयास. दिसतंय म्हनलं की तुझा आवाज बदलायचा. त्यो ऐकायला बरा वाटायचा.”

मग म्हणाले, गावात मला डोळ्यांची गरज लागत न्हाई, नामा. हितं बाथरूमला जायचं म्हनलं तरी तुझी बायको उठती. मला लाज वाटती.

मी म्हटलं, ठीक आहे, जाऊ. दिवाळी झाली की.

हे मी का म्हणालो? दसऱ्यानंतर असं ठरलं होतं.

रविवार, ५ ऑक्टोबर

आबा जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले. राजेश्वरी मला गॅलरीत घेऊन गेली. म्हणाली, अहो, त्यांचं पोट बरं आहे. तुम्ही त्यांना धरून ठेवलंय. सासूबाईंच्या शेवटच्या दिवसांत गावी जाता आलं नाही, ते तुम्ही यांच्यावर फेडताय.

मी तिला म्हटलं, तसं काही नाही.

इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. तसंच आहे.

रविवार, १२ ऑक्टोबर. गाव. संध्याकाळी

पोचलो. गाडी देवळापाशी थांबवायला लावली आबांनी. मी त्यांचा दंड धरला होता. म्हणाले, “हात सोड.”

सोडला. मागे दोन पावलं राहिलो, पडतील म्हणून हात पुढे करून. पडले नाहीत. भैरवनाथाच्या दारासमोर बरोबर थांबले, हात जोडले. पाराला वळसा घातला. गटार आलं तसं पाऊल लांब टाकलं. कोणीतरी ओट्यावरून हाक मारली, हौसेराव का? आबा त्याच्याकडे न बघता म्हणाले, खोकला अजून गेला न्हाई का तुझा? दोघं हसले. मी अजून हात पुढे करूनच चालत होतो. हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

लाइट गेलेली होती. आबांनी कडी काढली, आत गेले. मागून मी. आतून आवाज आला, “सांभाळून, नामा. उंबऱ्याच्या आत पायरी हाय, तुला ठावं न्हाई. मागच्या साली केली.”

आईला आत-बाहेर करायला सोपं जावं म्हणून त्यांनी केलेली. मला ठाऊक नव्हती. अडखळलो.

मुक्ता आत्याने भाकरी वाढली. आबांनी दोन खाल्ल्या.

रविवार, १९ ऑक्टोबर. कोपरखैरणे

सकाळची पूजा झाली. देवघर पुन्हा डावीकडे घेतलं. पडदा गुंडाळला. भिंतीवर अकरा भोकं आहेत.

नवा विचार : दिवाळीत प्रोजेक्टर गावी न्यायचा. देवळाच्या भिंतीवर लावायचा. सगळा गाव बघेल, आबा ऐकतील. राजेश्वरीला सांगितलं. ती म्हणाली, आधी त्यांना विचारा. बरोबर आहे. आता सगळं विचारूनच करायचं. हा संकल्प.

नऊला फोन केला. मुक्ता आत्याने उचलला. आबा देवळात गेलेत.

साडेअकराला केला. कोणाच्या तरी दाराची चौकट फुगली आहे, ती चाचपायला बोलावून नेलं. एकटेच गेले का, मी विचारलं. आत्या म्हणाली, मग काय पालखीतून न्यायचं?

इथे साडेसात महिन्यांत ते एकदाही एकटे दाराबाहेर गेले नाहीत. हे मी आज मोजलं.

तीन वाजता केला. जेवून परत बाहेर पडलेत. काही निरोप आहे का, असं आत्याने विचारलं. म्हटलं, काही नाही, सहज केला होता.

संध्याकाळी दिवा लावल्यावर पुन्हा केला. घरी नव्हते.